तुमच्या पत्रपेटीची किल्ली कुणाकडे आहे?

दोस्तांनो, आठवी-नववीत गेलं की एक दिवस असा येतोच, की समोर कुठला तरी ऑनलाइन फॉर्म उघडलेला असतो. परीक्षेचा असेल, शिबिराचा असेल, नाहीतर बुद्धिबळाच्या स्पर्धेचा. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर भरून होते आणि मग एक रकाना येतो : ई-मेल. आजवर तिथे बाबांचा नाहीतर ताईचा पत्ता टाकून वेळ निभावलेली असते. आता स्वतःचा हवा. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘हात्तिच्या, दोन मिनिटांचं तर काम! आण इकडे मोबाइल.’’ आणि खरंच दोन मिनिटांत पत्ता तयार होतो.

पण त्या दोन मिनिटांत तुम्ही काय ठरवून टाकलंत, ठाऊक आहे? पुढची दहा-पंधरा वर्षं तुमची पत्रं कुणाच्या घरी राहणार, हे! निकाल, प्रवेशपत्र, रेल्वेचं तिकीट, मैत्रिणीशी झालेलं भांडण आणि नंतरची दिलजमाई, सगळं त्या एकाच पेटीत. शिवाय दुसऱ्या एखाद्या ठिकाणचा पासवर्ड विसरलात, तर नवा करण्याची चिठ्ठीसुद्धा याच पेटीत येऊन पडते. म्हणजे ज्याच्या हाती ही पेटी, त्याच्या हाती बाकीच्या पेट्यांच्या किल्ल्या. साधी सायकल घ्यायची तर आपण चार दुकानं हिंडतो, ब्रेक दाबून बघतो, घंटी वाजवून बघतो. पत्रपेटी घेताना मात्र शेजारच्या बंड्याने घेतली तीच! असं का बरं?

कारण बहुतेकांना वाटतं, ई-मेल ही एखाद्या कंपनीची वस्तू आहे. मुळीच नाही. अमेरिकेत १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडलं. गंमत म्हणजे ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी-शेजारी उभे होते. पत्र मात्र गेलं अर्पानेट नावाच्या जाळ्यातून. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं कसं दाखवायचं, हा प्रश्न आला तेव्हा टॉमलिन्सनसाहेबांनी कळफलकावरचं ते गोल शेपटीवालं ‘ॲट’ चिन्ह उचललं. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं टपाल कार्यालय. (पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ला, आपल्या टपाल खात्यात पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखला. ते संस्कृतचे पंडितही होते, बरं का!)

मग १९८२ साली पत्रांची ने-आण कशी करायची याचे नियम लिहिले गेले. ते कुणाच्या मालकीचे नाहीत. ते पाळणारं कुठलंही टपाल कार्यालय दुसऱ्या कुठल्याही टपाल कार्यालयाशी बोलू शकतं. निरोप पाठवायच्या बहुतेक ॲपचं तसं नसतं. सगळे मित्र ज्या ॲपवर, त्याच ॲपवर तुम्हालाही जावं लागतं. ई-मेलमध्ये तुमच्या मावशीचा पत्ता एका कंपनीचा आणि तुमचा भलत्याच देशातल्या संस्थेचा असला, तरी पत्र पोचतं. तेव्हा ‘सगळे तिथेच आहेत’ हे कारण इथे चालायचं नाही. निवड करायची पूर्ण मुभा आहे.

आता पहिला प्रश्न विचारा : हे टपाल कार्यालय चालतं कुणाच्या पैशावर? ४ जुलै १९९६ला साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केलं. पेटी फुकट, पण शेजारी जाहिराती. लोकांनी उड्या मारल्या. १ एप्रिल २००४ला ‘जीमेल’ आलं, तेही एक गिगाबाइट जागा घेऊन. तेव्हा एवढी जागा फुकट म्हणजे अगदीच अचाट गोष्ट होती, त्यामुळे काहींना तो एप्रिल फूलच वाटला! मात्र त्यात एक अट होती. पत्रातले शब्द कंपनीचा संगणक वाचणार आणि त्यावरून जाहिरात दाखवणार. पत्रात ‘गुडघेदुखी’ आली की बाजूला तेलाची बाटली. लोकांनी बरीच ओरड केली. शेवटी २०१७ साली कंपनीने जाहिरातींसाठी पत्रं चाळणं बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हा आज कुणी म्हणालं की जीमेल तुमची पत्रं वाचून जाहिराती लावतं, तर ते खरं नाही. पण तुमचं ते खातं शोध, नकाशे, व्हिडिओ या सगळ्यांशी एकाच दोरीने बांधलेलं असतं आणि कंपनीचा मुख्य धंदा जाहिरातींचा आहे, हे मात्र खरं. पत्रपेटीची जागा देणाऱ्याला तुम्ही कुठे जाता, काय बघता, काय शोधता हेही ठाऊक असावं का? माझं मत विचाराल, तर नसावं.

‘‘पण आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’’ असं काही आई-बाबा म्हणतील. लपवण्यासारखं काही नसतानाही आपण रोजनिशी ड्रॉवरमध्ये ठेवतोच ना! आजोबांच्या काळी पोस्टकार्ड यायचं, ते पोस्टमन वाचायचा, वाड्यातले चार जण वाचायचे आणि मग घरात पोचायचं. निधनाची बातमी असली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे न वाचताही सगळ्यांना कळे. कार्डावर काय लिहायचं आणि लिफाफ्यात काय घालायचं, हे लोकांना बरोबर समजत होतं. साधी ई-मेल म्हणजे पोस्टकार्डच आहे. वाटेत तिला बंद गाडीतून नेतात हल्ली, पण दोन्ही टोकांच्या टपाल कार्यालयांत ती उघडीच असते. शिवाय जे साठवलं जातं ते चोरीला जाऊ शकतं. ‘याहू’च्या खात्यांची माहिती २०१३ साली चोरीला गेली. पुढे २०१७ साली कंपनीनेच कबूल केलं, की एकूण एक म्हणजे ३०० कोटी खाती त्यात सापडली होती.

आणि खासगीपणा हा काही नुसता आवडीनिवडीचा मामला राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. कायदा आपल्या जागी. आपली पेटी आपण बघून घेतली तर कुठे बिघडलं?

बरं, पोस्टकार्डाचा लिफाफा कसा करायचा? त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. समजा, तुम्ही एकाच किल्लीने उघडणारी शंभर कुलपं करून घेतलीत. ती उघडीच कुलपं साऱ्या मित्रांना वाटून टाकलीत. किल्ली मात्र आपल्या करदोट्याला! आता मित्राने पत्र डब्यात घातलं, तुमचं कुलूप दाबून बंद केलं आणि डबा धाडला. बंद केल्यावर तो मित्र स्वतःही डबा उघडू शकत नाही. पोस्टमन नाही, पोस्टमास्तर नाही, कुणीच नाही. उघडणार तुम्हीच. ही सगळी कुलपं-किल्ल्या अर्थात आकड्यांच्या असतात, लोखंडाच्या नव्हे.

फिल झिमरमन यांनी १९९१ साली असं कुलूप सर्वसामान्यांना वापरता येईल अशा ‘पीजीपी’ नावाच्या प्रोग्रॅममधून लोकांच्या हाती दिलं. तेव्हा अमेरिकेत भक्कम सांकेतिक कुलूप देशाबाहेर जाणं म्हणजे शस्त्रास्त्रांची निर्यात मानली जाई. काय हे! बिचाऱ्या झिमरमन यांच्यामागे तीन वर्षं चौकशी लागली. १९९६ साली ती सोडून दिली. पुढे जर्मनीत वेर्नर कॉख यांनी त्याच जातीचं, पण पूर्ण मुक्त असं ‘जीएनयू प्रायव्हसी गार्ड’ लिहिलं. जगभर ते वापरलं जात होतं आणि हे गृहस्थ मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, तुटपुंज्या पैशांत ते सांभाळत होते. २०१५ साली एका लेखातून ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा कुठे देणग्यांचा पाऊस पडला.

किल्ली कुणाकडे, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते ऐका. अमेरिकेत लॅडर लेव्हिसन नावाचा माणूस ‘लॅवाबिट’ नावाची ई-मेलसेवा चालवत असे. लोकांची पत्रं सुरक्षित ठेवणं हा त्याचा बाणा. चार लाखांवर लोकांच्या पेट्या त्याच्याकडे होत्या. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांचं प्रकरण गाजलं आणि त्यांची पेटी निघाली लॅवाबिटवर. सरकारी अधिकारी दाराशी आले. त्यांना हवी होती ती एकाच पेटीची किल्ली नव्हे, तर सगळ्या सेवेची मुख्य किल्ली, म्हणजे जिच्यामुळे साऱ्या चार लाख माणसांची ये-जा उघडी पडली असती. लेव्हिसन म्हणाला, एकासाठी सगळ्यांची दारं कशी उघडू? कोर्टाचा हुकूम झाला. तेव्हा या पठ्ठ्याने काय केलं? किल्लीचे ते लांबलचक आकडे अकरा पानांवर इतक्या बारीक टायपात छापून दिले, की भिंग लावूनही वाचता येऊ नयेत! कोर्टाला हा विनोद अर्थातच आवडला नाही. वाचता येईल अशा रूपात किल्ली देईपर्यंत दररोज ५,००० डॉलर दंड ठरला. शेवटी त्याने किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ला आपली जवळजवळ दहा वर्षांची सेवा स्वतःच्या हाताने बंद केली.

शूर माणूस, यात शंका नाही. पण जरा विचार करा : त्या चार लाख लोकांची पत्रं एका माणसाच्या हिमतीवर टिकून होती. मुख्य किल्ली त्याच्याकडे होती म्हणून तर मागता आली. दुकानदार भला असणं चांगलंच. पण त्याच्याकडे किल्लीच नसणं अधिक चांगलं.

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, ‘‘कंपनी म्हणते किल्ली आमच्याकडे नाही. पण ते खरं कशावरून?’’ शाब्बास! इथेच मुक्त सॉफ्टवेअर येतं. मंडईत भाजीवाली काटा सगळ्यांसमोर धरते. वजन, पारडी, काट्याचं टोक, सगळं दिसतं. प्रत्येक गिऱ्हाईक वाकून बघत नाही, पण कुणीही बघू शकतं, हे तिला माहीत असतं. आता अशी कल्पना करा, की पडद्याआड कुणीतरी भाजी तोलतं आणि ‘किलो झाली हो’ असं ओरडतं. बहुतेक सॉफ्टवेअर असं पडद्याआडचं असतं. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम हवा तसा वापरता यावा, आत काय आहे ते वाचता आणि बदलता यावं, मित्राला देता यावा आणि सुधारून पुन्हा वाटता यावा. याला म्हणायचं मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा! केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतात.

पण एक मेख आहे. दूरदेशी कंपनीच्या संगणकावर कुठला प्रोग्रॅम चालू आहे, हे तुम्हाला इथून दिसत नाही. त्यांनी जगाला दाखवलेला एक आणि आत चालणारा दुसरा, असंही असू शकतं. म्हणून नुसतं ‘आम्ही मुक्त सॉफ्टवेअर वापरतो’ यावर भुलू नका. (टपाल वाहणारे कितीतरी प्रोग्रॅम मुक्तच आहेत, ‘पोस्टफिक्स’, ‘डोव्हकॉट’ ही त्यांतली नावं.) बघायचं ते हे, की कुलूप लावणारा प्रोग्रॅम तुमच्या मोबाइलवर, तुमच्या संगणकावर चालतो का आणि तो तरी उघडा आहे का. पत्र तुमच्याच घरात कुलूपबंद होऊन बाहेर पडलं, तर पलीकडे कुठला प्रोग्रॅम चालतो याची काळजी बरीच कमी होते.

आता नावं घेऊ. ‘प्रोटॉन मेल’ २०१४ साली स्वित्झर्लंडमध्ये, ‘सर्न’ या प्रसिद्ध प्रयोगशाळेतल्या तरुणांनी काढलं. आपल्या मोबाइलवर चालणारी त्यांची ॲप सगळ्यांना वाचायला खुली आहेत. त्यांच्याकडच्या संगणकांवरचे प्रोग्रॅम नाहीत. ‘टुटा’ जर्मनीतल्या हॅनोव्हरची. आधी तिचं नाव ‘टुटानोटा’ होतं. ती पत्राबरोबर विषयाची ओळही कुलूपबंद करते, हे मला विशेष आवडतं. दोन्हींत लहानशी पेटी फुकट मिळते, कारण मोठी पेटी घेणारे पैसे भरतात. पण मावशी साध्या पेटीतून पत्र पाठवत असेल, तर तिच्याकडची प्रत उघडीच राहते हं! तुमच्या कुलपाने तिची पेटी बंद होत नाही.

‘पोस्टिओ’ बर्लिनची. महिन्याला एक युरो, म्हणजे साधारण शंभर रुपये. जाहिरात नाही आणि नावसुद्धा विचारत नाहीत. ‘मेलबॉक्स डॉट ऑर्ग’ही बर्लिनचीच आणि तिच्यासारखीच. नेदरलँड्समधली ‘डिसरूट’ स्वयंसेवक चालवतात. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, खर्च देणग्यांवर. मंडळी चांगली आहेत, पण गणपती मंडळासारखं आहे : कार्यकर्ते दमले तर काय, हा प्रश्न उरतो. परीक्षेच्या फॉर्मसाठी मी तिथली पेटी घेणार नाही. आपल्या चेन्नईचं ‘झोहो मेल’ जाहिराती दाखवत नाही, ही जमेची बाजू. पण त्याचा काटा पडद्याआडच आहे.

कुणीही अदृश्य होण्याची जादू देत नाही, हेही ऐकून ठेवा. २०२१ साली स्विस अधिकाऱ्यांच्या हुकमावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका कार्यकर्त्याचा इंटरनेटचा पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रं मात्र त्यांना देता आली नाहीत, कारण ती कुलपात होती. आणि एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याची कारवाई सुरू करा, असं केंद्र सरकारला सांगितलं. एका कंपनीला त्यावरून घाणेरडी पत्रं आली होती. कुलूप भल्यांच्या कामी येतं तसं वाईटांच्याही. म्हणून परदेशी पेटी घेताना आधी ती आपल्याकडे सुरळीत उघडते ना, हे पाहा आणि महत्त्वाच्या पत्रांची प्रत घरी ठेवा.

प्रत ठेवायला ‘थंडरबर्ड’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. २००४ सालापासून तो संगणकावर आहे आणि २०२४पासून अँड्रॉइड मोबाइलवरही. पोस्टिओ, मेलबॉक्स डॉट ऑर्ग, डिसरूट यांची पत्रं तो सरळ उतरवून घेतो. टुटाशी मात्र त्याचं जमत नाही आणि प्रोटॉनशी जमवायचं तर पैसे भरून वेगळी सोय घ्यावी लागते. घर भाड्याने घेताना सामान हलवायला जिना रुंद आहे ना, हे आई बघते, तसंच हे.

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. किल्ली मुलांच्या हाती, म्हणजे हरवली तर तीही कायमची. अशा सेवांत पासवर्ड विसरला की ‘साहेब, जरा उघडून द्या’ म्हणायला कुणी नसतं. पेटी उघडताना ते एक लांबलचक सुटकेचं वाक्य किंवा संकेत देतात. ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून नव्हे. दुसरं, फुकटची पेटी बराच काळ उघडली नाही तर बंद होते. टुटा तर सहा महिन्यांतच बंद करते. दहावीच्या वर्षात मोबाइल कपाटात ठेवायचा असेल, तर महिन्यातून एकदा पेटी उघडायची आठवण कॅलेंडरवर लिहा. वयाची अट काय आहे, तीही आधी वाचा.

आणि मुलांनो, पेटी बदलायची म्हणजे आज जुनी मोडली आणि उद्या नवी, असं करू नका. दिवाळीच्या सुट्टीत बसा. जुन्या पेटीतली पत्रं उतरवून घ्या. जीमेलमध्ये त्यासाठी ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. एका वहीत लिहा, की जुना पत्ता कुठे कुठे दिला आहे : शाळा, शिकवणी, बँक, स्पर्धा, खेळ. एकेका ठिकाणी जाऊन नवा पत्ता द्या आणि वहीत बरोबरची खूण करा. खेळांना आणि लकी ड्रॉला नवा पत्ता देऊच नका. त्यांच्यासाठी जुनी पेटी आहेच की! वर्षभर ती तशीच चालू ठेवा, दर आठवड्याला डोकावा. जे पत्र अजून तिथेच येतंय, त्याचं नाव वहीत राहून गेलं असं समजायचं.